रिंगा बसेपर्यंत

रात्री साडेनऊला दादांचा फोन आला तेव्हा मी हँगरमध्येच होतो, दोन्ही हाताला ऑइल, म्हणून फोन स्पीकरवर टाकला आणि टूल ट्रॉलीवर ठेवला. "काय करायलास?" हा त्यांचा रोजचा पहिला प्रश्न. म्हटलं इंजन बसवायलो दादा, ओव्हरहॉल होऊन आलंय, सकाळी पहिल्यांदा उडणार. पहिल्या दिवशी किती चालवणार विचारलं, तर मी म्हटलं दोन तास, आणि ते पण चांगल्या ताकदीवर, थ्रॉटल मागं न घेता. तिकडून जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "आरं नवं गोऱ्हं पहिल्याच दिवशी नांगराला जुपतेत का? आपल्या ट्रॅक्टरचं काम काढलं तवा मिस्त्री काय म्हणला होता? पहिले पन्नास तास नुसती ट्रॉली वढा म्हणला होता ना?"

मिस्त्री म्हणाला होता खरं. मोटरसायकल घेतली तेव्हा शोरूमवाल्यानं पण हेच सांगितलं, पहिले पाचशे किलोमीटर जास्त पळवू नका. आमच्या लातूरकडं काय, सगळीकडंच लोकांच्या डोक्यात हे पक्कं बसलेलंय की नवं इंजिन म्हणजे बाळंतिणीसारखं जपायचं. त्या रात्री फोनवर दादांना नीट सांगता आलं नाही, मागं कंप्रेसर चालू होता आणि सकाळची घाई होती. म्हणून आता सगळं सविस्तर लिहितोय, दादांसाठी, आणि आमच्याकडं नवीन आलेल्या पोरांसाठी पण, कारण विमानाच्या छोट्या इंजिनाला जपायला गेलात तर ते कायमचं खराब होतं आणि हे मी डोळ्यानं बघितलंय.

मी एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर आहे, सध्या संभाजीनगरला चिकलठाण्याला असतो, ट्रेनिंगची विमानं बघतो. हे इंजिन लायकमिंगचं ओ-३२०, चार सिलेंडर, समोरासमोर आडवे, १६० हॉर्सपॉवर, जवळपास सव्वापाच लिटरचं, आणि वजन सव्वाशे किलोच्या आतबाहेर. पाणी नाही, रेडिएटर नाही, सगळं हवेवर थंड होतं. याचा ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून नव्यासारखं करणं, २००० तासांनी, आणि तास कमी झाले असले तरी १२ वर्षांनी. ट्रेनिंगच्या विमानाला तास भरायला वेळ लागत नाही, सकाळ संध्याकाळ पोरं उडतातच. मग इंजिन उतरवायचं, पेटीत घालून ओव्हरहॉलच्या शॉपला पाठवायचं, आणि महिन्यांनी ते परत येतं.

पेटी उघडायचा क्षण मला फार आवडतो. स्पार्क प्लगच्या जागी पारदर्शक डिहायड्रेटर प्लग लावलेले असतात, आत सिलिका जेलचे दाणे. दाणे निळे असले की समजायचं आत ओल गेली नाही, गुलाबी झाले असतील तर काळजी. लायकमिंगचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकच्या वर असतो, त्यामुळं इंजिन पडून राहिलं की त्याच्यावरचं ऑइल हळूहळू खाली निथळून जातं आणि दमट हवा आधी त्यालाच धरते. आमचे दाणे निळेशार होते, मी एकेक प्लगवर टॉर्च मारून बघितला.

आता मुद्दा. ओव्हरहॉलमध्ये सिलेंडर आतून होन करतात, म्हणजे आतल्या भिंतीवर तिरक्या एकमेकीला छेदणाऱ्या बारीक बारीक रेघा पाडतात, त्याला क्रॉसहॅच म्हणतात. बोट फिरवलं तर जेमतेम जाणवतात, टॉर्च तिरका धरला की जाळीसारख्या दिसतात. मला ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा आजीचं जातं आठवलं होतं. जातं चालून चालून गुळगुळीत झालं की आजी टाकी लावणाऱ्या बाईची वाट बघायची, ती छिन्नी हातोडीनं ठक ठक करून दोन्ही दगडांना टाकी लावून द्यायची, मग जातं परत धान्य धरायचं. आणि टाकी लावल्यावरचं पहिलं दळण आजी घरात घ्यायची नाही, त्यात दगडाची कचकच असते, ते गुरांना जायचं. मशीनचं सगळं ज्ञान नंतर शिकलो पण हे दोन्ही मुद्दे मला आजीनं आधीच दाखवले होते असं आज वाटतं.

पिस्टनवरच्या रिंगा, म्हणजे त्याच्याभोवतीची धातूची कडी, नव्या, भिंत नवी, दोघींची ओळख नाही. रिंग भिंतीला सगळीकडून टेकत नाही, कुठं टेकते कुठं फट राहते. या रेघांमध्ये ऑइल थांबतं आणि रेघांमधले उंचवटे रिंगेवर घासून थोडे थोडे झिजतात, रिंगही थोडी झिजते, आणि शेवटी दोघी एकमेकींना अशा बसतात की वरचा गॅस खाली जात नाही आणि खालचं ऑइल वर येत नाही. याला आम्ही रिंगा बसणं म्हणतो. आता रिंगेला भिंतीवर दाबतं कोण? तिचा स्वतःचा ताण असतो पण तो फार कमी. खरा दाब येतो तो जळणाऱ्या गॅसचा, तो पिस्टनच्या खाचेतून रिंगेच्या पाठीमागं शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. म्हणजे जेवढी जास्त पॉवर तेवढा जास्त गॅसचा दाब, तेवढी रिंग घट्ट भिंतीला. इथंच दादा, तुमच्या गोऱ्ह्याचा नियम लागू होत नाही.

थ्रॉटल कमी ठेवलं की काय होतं, रिंग ऑइलच्या थरावर तरंगत राहते, घासतच नाही. भिंतीवर ऑइल तसंच राहतं, वरून आग लागते, ऑइल जळून त्याचा लाखेसारखा कडक थर बनतो आणि तो त्या रेघांमध्ये जाऊन बसतो. जातं परत गुळगुळीत. याला ग्लेझिंग म्हणतात. एकदा ग्लेझ धरला की नंतर किती पण पॉवर द्या, रिंगा बसत नाहीत, इंजिन आयुष्यभर ऑइल पितं, आणि उपाय एकच, सिलेंडर काढा, परत होन करा, नव्या रिंगा टाका.

मी शिकाऊ होतो तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी हे घडलं. ठिकाणाचं नाव लिहीत नाही. चारही सिलेंडरचं काम झालेलं इंजिन विमानात बसवलं, आणि त्याच दिवशी मोठे लोक बघायला येणार होते, त्यामुळं इंजिन जमिनीवर चालू ठेवलं, आता येतील मग येतील करत पाऊण तास हजार-बाराशे आरपीएमवर. दुपारची वेळ, एप्रिल महिना, विमान वाऱ्याला पाठ करून उभं कारण फोटोला ती बाजू चांगली दिसत होती. मी फायर एक्स्टिंग्विशर घेऊन पंखाजवळ उभा होतो, मला माहीत होतं हे चुकीचं आहे, आदल्याच आठवड्यात लायकमिंगचं सर्व्हिस इन्स्ट्रक्शन वाचलेलं, पण बोललो नाही. नंतर ते विमान दिलं सर्किटला. सर्किट म्हणजे टेकऑफ, गोल फिरून लँडिंग, परत टेकऑफ, त्यात निम्मा वेळ थ्रॉटल मागं. तीस तास झाले, चाळीस झाले, दर दोन तासाला एक क्वार्ट, म्हणजे लिटरला थोडंसं कमी, ऑइल टाकायला लागायचं, विमानाचं पोट काळं चिकट. शेवटी चारही सिलेंडर उतरवले. एक मी हातात घेऊन आत बघितलं, आरशासारखं चकचकीत, एक रेघ दिसेना. इतकं वाईट वाटलं. मी त्या दिवशी एक वाक्य बोललो असतो तरी ते सिलेंडर वाचले असते, म्हणून आता मी बोलतो, समोर कुणी पण असो.

तर त्या रात्रीकडं येतो. ब्रेक-इनचं, म्हणजे रिंगा बसेपर्यंत इंजिन चालवायचं, अर्धं काम उडायच्या आधीच असतं आणि ते सगळं थंडाव्याचं असतं. एकीकडं भरपूर पॉवर पाहिजे आणि दुसरीकडं सिलेंडरचं डोकं तापता कामा नये, नव्या रिंगा घासत असतात म्हणजे उष्णता नेहमीपेक्षा जास्तच. हवा काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, पुढून आत येते, सिलेंडरच्या वर भरते आणि पंख्यांमधून, म्हणजे सिलेंडरला जी पातळ पातळ पाती असतात त्यांच्यामधून, खाली उतरते. तिनं दुसरीकडून पळून जाऊ नये म्हणून पत्र्याचे बॅफल आणि त्यांच्या कडेला रबराची पट्टी असते. ही पट्टी आतल्या बाजूला वळलेली पाहिजे, मग हवेचा दाबच तिला काउलिंगला चिकटवतो. मी काउलिंग लावलं, हँगरचे लाइट बंद केले, खालून टॉर्च धरला आणि पुढच्या तोंडातून आत बघितलं. मागं उजव्या कोपऱ्यात उजेडाची एक बारीक रेघ. काउलिंग लावताना पट्टीचं टोक उलटं दुमडलं होतं, चार बोटाएवढीच जागा, पण ती बरोबर तीन नंबरच्या सिलेंडरमागं. काउलिंग परत काढलं, पट्टी सरळ केली, परत लावलं, परत टॉर्च. अंधार. मग घरी गेलो.

ऑइलबद्दल पोरं खूप विचारतात म्हणून सांगतो. ब्रेक-इनला आम्ही साधं मिनरल ऑइल भरतो, एरोशेल १००, त्यात अॅडिटिव्ह नसतात. नंतर वापरायचं ते डब्ल्यू १००, अॅशलेस डिस्पर्संट, ते घाण धरून ठेवतं आणि जास्त निसरडं. सुरुवातीला आपल्याला थोडं घासायलाच पाहिजे म्हणून आधी साधं. ५० तास किंवा ऑइलचा खप एका जागी स्थिर होईपर्यंत, असं लायकमिंग सांगतं. पण टर्बोचार्जर असलेल्या लायकमिंगला हे लावू नका, त्यांना पहिल्या दिवसापासून डिस्पर्संटच. आणि कुणी हुशारी करून गाडीचं सिंथेटिक घालायचा विचार पण करू नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला हँगर उघडला. मे महिन्यात आपल्याकडं हे काम पहाटेच करायचं. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १९०० फुटांवर, आणि दुपारी पारा चाळीसला गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ५३०० फुटांवर उभं आहोत असं वाटतं. विरळ हवेत पॉवर पण कमी मिळते आणि सिलेंडर थंड करायला हवा पण कमी, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. वर अजून ३ हजार फूट चढलात तर भर दुपारी ७५ टक्के पॉवर मिळणं कठीण होऊन बसतं. पहाटे २६-२७ डिग्री होतं, पूर्वेकडून हलका वारा, लिंबाच्या झाडावर कोकीळ ओरडत होता, यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती.

प्रत्येक सिलेंडरचा एक एक प्लग काढून नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवलं, ऑइल सगळीकडं पोचावं म्हणून. कॉम्प्रेशन नाही त्यामुळं बेअरिंगवर जोर येत नाही. ऑइल प्रेशरची सुई वीस पीएसआयच्या पुढं सरकली, तेव्हा प्लग लावले, टॉर्क दिला, विमान वाऱ्याला तोंड करून उभं केलं. पहिला स्टार्ट. ३० सेकंदात ऑइल प्रेशर आलं पाहिजे, नाहीतर बंद. आमचं चार-पाच सेकंदात आलं. हजार आरपीएमवर थोडा वेळ, मग बंद करून काउलिंग उघडलं आणि मी प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर फिरवला, कुठं ओलं लागतंय का. ऑइल कूलरच्या एका होजला पुसटसा डाग होता, जुना होता की नवा कळेना म्हणून पुसून परत एकदा चालू करून बघितलं, कोरडा राहिला. दुसऱ्या वेळी रन-अप, म्हणजे उडायच्या आधीची चाचणी, ठिणगी देणारे मॅग्नेटो तपासले, पूर्ण थ्रॉटल फक्त मोजून काही सेकंद, आणि लगेच बंद. जमिनीवर एकूण दहा-बारा मिनिटांच्या वर इंजिन चाललं नाही. मागच्या ठिकाणचा तो पाऊण तास माझ्या डोक्यातून जात नाही.

उडायला दोघंच, आमच्या इन्स्ट्रक्टर मॅडम आणि आकडे लिहायला मी. टँकमध्ये निळं १०० एलएल. हे पेट्रोल आधी बाहेरच्या देशातून यायचं, २०२२ पासून इंडियन ऑइल गुजरात रिफायनरीत बनवायला लागलं, तेव्हापासून ड्रमवर आपल्याकडचंच नाव बघून बरं वाटतं. टॅक्सी करताना मॅडमनी विचारलं, "काही खास?" म्हटलं मॅडम, तीनच गोष्टी, मिक्स्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, राहू द्या, नाक खाली ठेवा, आणि मी सांगेपर्यंत थ्रॉटल मागं घेऊ नका. त्या म्हणाल्या, "आणि इंजिन बंद पडलं तर?" म्हणून पहिली वीस मिनिटं फील्डच्या, म्हणजे विमानतळाच्या, डोक्यावरच फिरायचं ठरलं होतं, टॉवरला आदल्या दिवशीच कळवलेलं, आणि सकाळचं एअरलाइनचं विमान यायच्या आधी आम्हाला बाजूला निघायचं होतं.

धावपट्टी ०९ वरून पूर्ण थ्रॉटलवर निघालो. एरवी हे विमान, सेसना १७२, पंचाहत्तर-ऐंशी नॉटवर चढवतात, मॅडमनी ९० धरला, म्हणजे चढ कमी पण हवा जास्त. माझे डोळे मॉनिटरवर, चारही सिलेंडरचं तापमान वेगवेगळं दिसतं, फॅरनहाइटमध्ये. १ नंबर ३८०, २ नंबर ३८८, ४ नंबर ४०२, आणि ३ नंबर चढत चालला, ४१५, ४२१, ४२८. लायकमिंगची लाल रेघ ५०० ला आहे पण सिलेंडर टिकायला पाहिजे असतील तर ४३५ च्या खाली ठेवा असं तेच सांगतात. मी म्हटलं मॅडम नाक अजून खाली. त्यांनी विमान जवळजवळ आडवं केलं, वेग ९८ झाला, आणि आकडा ४२८ वर थांबला, मग ४२६. तो मिनिटभर मी श्वास घ्यायचा विसरलो होतो. आणि मनात एकच, रात्री ती उजेडाची रेघ दिसली नसती तर हा आकडा कुठं गेला असता.

४००० फुटांवर सरळ झालो. हँडबुकच्या तक्त्यातून त्या उंचीला आणि त्या तापमानाला ७५ टक्क्यांचं आरपीएम काढून ठेवलं होतं, अडीच हजाराच्या जरा वर. पहिला तास हे ७५ टक्के धरायचं, दुसऱ्या तासात ६५ आणि ७५ मध्ये आलटून पालटून. बस्स, एवढंच आहे, पण त्या तासात करायचं काही नसतं आणि बघायचं खूप असतं. ऑइलचं तापमान, प्रेशर, चार सिलेंडर, दर पाच मिनिटांनी वहीत. फील्डवरून वीस मिनिटं फिरून दक्षिणेला पैठणकडं वळलो. खाली गोदावरीचं पात्र आणि समोर नाथसागर, उन्हाळ्यामुळं आत गेलेला, कडेला पांढरी कोरडी जमीन उघडी पडलेली. धरण भरलं की पाण्याची पातळी १५२२ फूट असते, हा आकडा आपल्याकडं लहान लेकराला पण पाठ असतो, कारण दर पावसाळ्यात सगळा मराठवाडा पेपरमध्ये तोच बघतो. मॅडम पाण्यावर गेल्या नाहीत, काठाकाठानं शेतांवरूनच, उतरायची जागा खाली दिसत राहील असं.

बेचाळिसाव्या मिनिटाला ते झालं. मी वहीत ३ नंबरसमोर ४०६ लिहिलं होतं, पुढच्या वेळी बघितलं तर ३९८. वाटलं हवेचा फरक असेल. मग ३९०. थ्रॉटलला हात नाही, मिक्स्चरला हात नाही, उंची तीच, वेग तोच. ३८३. पाठोपाठ ४ नंबर पण उतरायला लागला. दहा मिनिटांत ३ नंबर ४०६ वरून ३७७ ला येऊन थांबला. घासणं कमी झालं म्हणून उष्णता कमी झाली, म्हणजे आत, त्या भिंतीवर, रिंगा बसायला लागल्या. डोळ्यानं दिसत नाही, कानाला फरक कळत नाही, फक्त आकडा खाली येतो. मी मॅडमना वही दाखवली, त्यांनी बघितलं आणि फक्त मान हलवली, पण हसल्या. किती पण इंजिनं बसवा, हा आकडा उतरताना बघायचा आनंद काही और आहे.

उतरताना पण एक काळजी. थ्रॉटल एकदम बंद करून घसरत खाली यायचं नाही. तापलेले सिलेंडर एकदम थंड करायचे नाहीत, आणि रिंगांवरचा दाब गेला की ऑइल वर ओढलं जातं. म्हणून लांबून, थोडी पॉवर ठेवूनच, हळूहळू. एकच लँडिंग, परत टेकऑफ नाही. हँगरला आल्यावर गरम असतानाच काउलिंग काढलं, प्रत्येक नट, प्रत्येक एक्झॉस्ट फ्लँज, प्रत्येक सेफ्टी वायर बघितली. ७ क्वार्ट भरलं होतं, डिपस्टिकवर अर्धा क्वार्ट गेलेला दिसला. दोन तासाला अर्धा, पहिल्या दिवसाला चांगलंच म्हणायचं. या इंजिनाला तासाला साधारण अर्धा क्वार्ट ही कमाल मर्यादा आहे, पण मर्यादेच्या आत आहे म्हणून समाधान मानू नका, आकडा उतरतोय की नाही ते बघा.

पुढचे दिवस मी सगळ्यांशी भांडलो. शेड्यूलवाल्यांना विमान पाहिजे होतं सर्किटला, विद्यार्थी वाट बघत होते, त्यांचे आईबाप कर्ज काढून शिकवतात, एक एक तास त्यांना मोलाचा, हे मला कळतं. पण मी म्हटलं पन्नास तास हे विमान फक्त क्रॉस कंट्रीला, म्हणजे लांबच्या सरळ उड्डाणाला, जाईल, लातूर, नांदेड, परत. सर्किट नाही, स्टॉलचा सराव नाही, इंजिन बंद पडल्याचा सराव तर अजिबात नाही. तक्रार वरपर्यंत गेली. मी जुन्या ग्लेझ झालेल्या सिलेंडरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवलाय, तो दाखवला आणि चार सिलेंडर परत काढायला किती दिवस विमान उभं राहील ते सांगितलं. ऐकलं त्यांनी.

२५ तासांना पहिलं ऑइल काढलं. आजीचं पहिलं दळण. फिल्टर कटरनं गोल कापला, आतला घडीचा कागद सुरीनं उलगडून पांढऱ्या ट्रेमध्ये पसरला. उन्हात धरला तर चांदीच्या धुळीसारखी बारीक चमक, मॅग्नेट फिरवला तर टोकाला केसाएवढी लव. पहिल्या ऑइलमध्ये एवढं असतंच. नखात धरता येईल असा तुकडा, पापुद्रा, दिसला असता तर विमान तिथंच थांबलं असतं. नव्या आलेल्या दोन पोरांना मी तो कागद बोटानं चाचपून बघायला लावला, पुस्तकात मेटल पार्टिकल वाचलेलं असतं पण हाताला काय लागतं ते माहीत नसतं. मग परत मिनरल ऑइलच भरलं.

ऑइलची वही आज समोर आहे. पहिले दहा तास, चार तासाला एक क्वार्ट. वीस तासांपर्यंत सहा तासाला. तिसाव्या तासापासून नऊ तासाला एक, आणि तिथंच स्थिर झालं, चाळीसला नऊ, ४९ ला पण नऊ. काल कॉम्प्रेशन घेतलं, ८० पीएसआय देऊन किती धरून ठेवतं ते बघायचं असतं, ७६, ७७, ७५, ७७. ७५ वाला तीन नंबरच. प्लगच्या भोकातून बोरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, घालून आत बघितलं, रेघांची जाळी अजून दिसतेय, वरचे काटे गेलेत, खालच्या खाचा शाबूत.

रात्री दादांना फोन केला, आकडे वाचून दाखवले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "मंजी आता ट्रॉलीला लावायचं व्हय त्येला?" म्हटलं हो दादा, आता डब्ल्यू १०० भरायलो, सोमवारपासून पोरं सर्किट मारतेत.